दुधाची डिग्री आणि गाईची तहान

पंढरपुराहून टेंभुर्णीच्या वाटेने निघाले, की उसाच्या फडांनी वेढलेल्या ज्या मोठ्या गावातून प्रवाशाला जावे लागते, त्या करकंबात, आणि खरे पाहता भीमेच्या खोऱ्यातील कोणत्याही बागायती गावात, दिवसातून दोन वेळा, पहाटे आणि तिन्हीसांजेला, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर एक लहानसा न्यायनिवाडा नियमाने चालतो. किटल्या आणि कॅन उतरतात, नमुना घेतला जातो, यंत्र फॅट सांगते, डिग्री, म्हणजे दुधाची घनता, सांगते, आणि ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ) ही जी कसोटी आज महाराष्ट्रभर गाईच्या दुधाला लागू आहे, तिच्याशी तो आकडा ताडून त्या घराचा त्या वेळचा मोबदला ठरतो. दुधात वरून घातलेले पाणी हा अपराध आहे आणि तो पकडण्याची तजवीज गावोगाव झालेली आहे, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु ते दूध जिने दिले, तिच्या अंगात पुरेसे पाणी आहे की नाही, हा प्रश्न त्या ओट्यावर कधीच निघत नाही. तो गोठ्यातही क्वचितच निघतो. तो निघाला पाहिजे, निदान उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तरी नियमाने निघाला पाहिजे, आणि त्याचे उत्तर गाईच्या मूत्राच्या दोन थेंबांत मिळू शकते, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सकृद्दर्शनी असे वाटणे स्वाभाविक आहे, की गाय तहानलेली असेल तर तिचे दूधच ती गोष्ट सांगेल. दूध दाट होईल, डिग्री चढेल, आणि केंद्रावरचे यंत्र गोठ्यातील उणिवेची वर्दी आपोआप देईल. वस्तुस्थिती तशी नाही. दुधातील शर्करा कासेच्या पेशींमधून पाणी ओढून घेते, आणि दूध व रक्त यांचा क्षारशर्करेचा तोल सारखा राहील एवढे पाणी दुधात उतरतेच उतरते. म्हणून पाणी कमी पडलेली गाय दाट दूध देत नाही, ती कमी दूध देते. लॅक्टोमीटर १.०२८ ते १.०३२ या पल्ल्यात काल जिथे थांबत होता, तिथेच साधारणतः आजही थांबतो. खाली जाते ती केवळ कॅनमधील पातळी. ती गेली, की मालक पेंड वाढवतो, खनिज मिश्रणाची पिशवी आणतो, कोणी सुचवले तर टॉनिकची बाटली पाजतो, आणि या साऱ्या खर्चाचा हिशेब मांडताना हौदाकडे त्याची दृष्टी जात नाही, कारण हौदात पाणी असतेच. ते गाईपर्यंत किती वेळा आणि किती पोहोचते, याची नोंद कोणाच्याही वहीत नसते.

आता गरजेचा अंदाज घेऊ. गाईच्या दुधात शेकडा ८७ भाग पाणी असते. म्हणजे दिवसाला १५ लिटर दूध देणारी संकरित गाय केवळ दुधावाटे सुमारे १३ लिटर पाणी आपल्याला देऊन टाकते. मूत्र, शेण, घाम आणि श्वास यांवाटे जाते ते निराळे. अशा गाईला साधारण हवामानात दिवसाकाठी ६० ते ८० लिटर पाणी लागते, आणि सोलापूर जिल्ह्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो त्या चैत्र-वैशाखात ही गरज पुष्कळच वाढते. या हिशेबात वैरणीचा वाटा बहुधा विसरला जातो. हिरवा मका किंवा कडवळ यांत शेकडा ७५ ते ८० भाग पाणीच असते, म्हणून २५ किलो हिरवी वैरण खाणाऱ्या गाईच्या पोटात त्या वैरणीबरोबरच १९-२० लिटर पाणी न दाखवता जाते. गळीत हंगाम संपला, उसाचे वाढे मिळेनासे झाले, विहिरीचे पाणी खोल गेले आणि गव्हाणीत हिरव्याच्या जागी कडबा आला, की हे पाणी एकाएकी नाहीसे होते, कारण वाळल्या कडब्यात शेकडा दहाच भाग ओल उरलेली असते. ज्या महिन्यांत गाईची गरज सर्वांत मोठी, त्याच महिन्यांत तिला मिळणारे हे अदृश्य पाणी आटते; आणि घरातील माणसे मात्र, वैरण बदलली तरी, बादल्या तितक्याच मोजतात.

यात त्या माणसांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा जनावराला पाणी दाखवायचे हा शिरस्ता माणदेशाने आणि भीमाकाठाने पिढ्यान् पिढ्या पाळला, तो अविचाराने पाळला नव्हता. दावणीला तेव्हा खिलार जनावर होते. ते काटक, या मातीत आणि या उन्हात घडलेले. खिलार गाय आपल्या वासराला पाजून घरच्यापुरते दूध देई, दिवसा रानात चरे, ओढ्यानदीवर उतरून पाणी पिई, आणि सायंकाळी दावणीला आल्यावर तिला पुन्हा एकदा पाणी दाखवले की तेवढे तिला पुरे. पंढरपुरी म्हैस, जिची तलवारीसारखी लांब शिंगे कार्तिकी यात्रेच्या वाखरीच्या बाजारात अजूनही माणसांना थांबवून ठेवतात, तिलाही डोहात बसण्याची मुभा होती. पुढे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, संकरित गोपैदाशीचे कार्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरले, १९७० नंतर दुग्धविकासाचा मोठा ओघ देशभर आला, आणि युरोपाच्या थंड, ओलसर गवताळ प्रदेशात शतकानुशतके वाढलेल्या होल्स्टिन-फ्रिजियन वंशाचे रक्त आपल्या गोठ्यांत आले. त्या रक्ताने सोलापुरातल्या हजारो घरांची चूल पेटती ठेवली, हे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु दावणीची गाय बदलली, तिचे दूध पाच-सात पटींनी वाढले, चरणे आणि ओढ्यावर उतरणे बंद होऊन ती दिवसभर खुंट्याला आली, आणि पाणी दाखवण्याचा शिरस्ता मात्र होता तोच राहिला. हवा २५ अंशांच्या वर गेली, की ही गाय अस्वस्थ होऊ लागते, आणि येथे पारा त्याहून सतरा अंश वर जातो.

अनुभवी पशुपालकाची नजर तीक्ष्ण असते यात संशय नाही. गाय रवंथ करीत नाही, नाकाचा शेंडा कोरडा पडला आहे, शेण घट्ट आणि बोटाबोटांचे पडते आहे, हे तो दारातूनच ओळखतो. पशुवैद्यही मानेची कातडी चिमटीत धरून ती किती वेळाने पूर्ववत होते ते पाहतात, डोळे खोबणीत किती खोल गेले आहेत ते पाहतात. पण ही सारी लक्षणे उशिराची आहेत. शरीराच्या वजनाच्या शेकडा पाच भागांइतके पाणी कमी होईपर्यंत कातडी आणि डोळे बहुतेक काहीच सांगत नाहीत. आणि ४०० किलो वजनाच्या गाईच्या बाबतीत शेकडा पाच म्हणजे २० लिटर. वीस लिटरांची तूट होईपर्यंत जी गोष्ट नजरेला दिसत नाही, ती नजरेच्याच भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे.

मूत्रपिंडाला ती तूट त्याच्या फार आधी कळते. रक्तातील पाणी किंचित घटले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक संप्रेरक स्रवते आणि ते मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्याचा हुकूम देते. परिणामी मूत्र थोडे, गडद आणि दाट होते. पाणी मुबलक मिळू लागले, की तोच हुकूम मागे घेतला जातो आणि मूत्र पुन्हा पातळ होते. या दाटपणाचे माप म्हणजे विशिष्ट घनता. शुद्ध पाण्याची घनता १.००० धरली, तर निरोगी प्रौढ गाईच्या मूत्राची घनता साधारणतः १.०२५ ते १.०४५ या दरम्यान असते. वाचकांच्या ध्यानात येईल, की दुधाच्या घनतेचा पल्लाही याच आसपासचा आहे. जो गावकरी लॅक्टोमीटरच्या दांडीवरील आकडा वाचू शकतो, त्याला मूत्राच्या घनतेचा आकडा वाचण्यासाठी कोणतीही नवी विद्या शिकावी लागत नाही. अर्थात दुधाचा लॅक्टोमीटर त्यासाठी वापरू नये, हे सांगण्याचीही आवश्यकता नाही.

त्यासाठीचे सोयीस्कर उपकरण म्हणजे हातात धरावयाचा रिफ्रॅक्टोमीटर. कासेगावच्या द्राक्षबागायतदाराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मण्याचा रस काचेवर पिळून तो गोडी पाहतो ती याच नळीतून, आणि साखर कारखान्याचा शेतकी कर्मचारी ऊस तोडणीला आला की नाही हे ठरवताना ज्याला ब्रिक्स म्हणतो, तो आकडाही याच नळीतला. दवाखान्यांसाठी हेच उपकरण विशिष्ट घनतेच्या खुणा कोरलेले मिळते, एक-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते, त्याला वीज लागत नाही, आणि नीट वापरले तर ते वर्षानुवर्षे टिकते. शेतमालाची गोडी मोजण्यासाठी जे साधन आपण निःशंकपणे विकत घेतले, ते जनावराची तहान मोजण्यासाठी घेण्यास आपण इतका विलंब का लावला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

ते कसे वापरतात हे मी करकंबच्या शिवारातील एका वस्तीवर, वैशाखातल्या दुपारी, तरुण पशुवैद्याच्या शेजारी उभा राहून पाहिले. पत्र्याच्या छपराखाली दावणीला चार संकरित गायी होत्या, तोंडे उघडी ठेवून धापा टाकीत होत्या. डॉक्टरांनी त्यांपैकी एकीच्या शेपटीखाली, योनिमुखाच्या खालच्या नाजूक कातडीवर, बोटांनी हळुवार वरखाली गोंजारले. एखाद्या मिनिटातच गाय पाठ कमानीसारखी करून मुतू लागली. पहिली धार त्यांनी जाऊ दिली आणि मधली धार स्वच्छ पेल्यात धरली. उपकरणाच्या काचेवर आधी पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून, निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ १.०००वर येते की नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, कारण ही उपकरणे बहुधा ३० अंशांपर्यंतच्याच उष्णतेची दुरुस्ती आपोआप करतात आणि आपल्याकडच्या दुपारी ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मग काच पुसून मूत्राचे दोन थेंब टाकले, झाकण मिटले, नळी उजेडाकडे धरली आणि ती घरच्या बाईंच्या हाती दिली. रेघ १.०४०च्या वर होती. चौघींचीही तीच कथा.

"पाणी तर सकाळ-संध्याकाळ दावतोच की आम्ही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दुपारी मोटर चालू नसती, आन् मळ्यातली मानसं मळ्यात."

"मावशी, दावता हे मला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण सकाळी सातला प्यालेलं पाणी तिनं दुपारपर्यंत घामात आणि धापेत घालवलंय. संध्याकाळपर्यंत तिनं काय करावं?"

त्या घरच्यांच्या गोठ्याबाहेर काळी टाकी होती आणि ती भरलेलीही होती. परंतु उन्हात तापून त्या टाकीच्या नळाचे पाणी हात भाजावा इतके कढत येत होते. पुढे त्यांनी अर्ध्यातून कापलेली दोन पिपे छपराच्या सावलीत, दाव्याच्या आवाक्यात मांडली आणि रात्री वीज आली की ती भरून ठेवण्याचा नेम धरला. काही दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा त्याच वेळी तपासणी केली, तेव्हा चारही गायींची रेघ खाली उतरलेली होती. दूध किती वाढले हा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच सुमारास त्या घरी मुरघासही सुरू झाला होता, आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या असता श्रेय एकीलाच देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र त्या बाईंना आपल्या डोळ्यांनी दिसलेली रेघ पटली, हे मला अधिक मोलाचे वाटले. उपदेश त्यांनी पूर्वीही ऐकला असेल. मोजमाप त्यांच्या हाती प्रथमच आले होते.

या कामी आपल्या समाजाला एक फार मोठी अनुकूलता आहे, ती अशी, की गाईच्या मूत्राविषयी आपल्या मनात किळस नाही. पहाटे तांब्या घेऊन गाईमागे उभे राहणे हे आपल्या घरांतून नित्याचे आहे. पंचगव्यासाठी गोमूत्र धरले जाते, वास्तूच्या शुद्धीसाठी शिंपडले जाते, आणि अलीकडे नैसर्गिक शेतीच्या प्रसाराबरोबर २०० लिटरच्या पिपात दहा किलो शेणाबरोबर पाच-दहा लिटर गोमूत्र घालून जीवामृत करणारे शेतकरी गावोगाव झाले आहेत. देवासाठी, घरासाठी आणि शेतासाठी आपण ते धरतो. ज्या गाईने ते दिले तिच्यासाठी त्यातले दोन थेंब काचेवर टाकावेत, यात परंपरेला बाध येण्यासारखे काय आहे? उलट, गाईला माता म्हणणाऱ्याने तिच्या प्रकृतीची विचारपूस तिच्याच द्रव्यातून करावी, हे मला अधिक सुसंगत दिसते.

तथापि या कसोटीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्याखेरीज तिची शिफारस करणे योग्य होणार नाही. एका गाईचा, एका वेळचा, एकच आकडा हा निकाल नव्हे. हिरव्या वैरणीत पालाश भरपूर असते आणि ते बाहेर टाकण्यासाठी मूत्र वाढते. मीठ अधिक गेले, पेंडीतील प्रथिने अधिक झाली, तरी आकडा हलतो. नुकतेच पोटभर पाणी प्यालेल्या गाईचा आणि रात्रभर न प्यालेल्या गाईचा आकडा सारखा असणारच नाही. म्हणून तपासणी नेहमी एकाच घटकेला करावी, एकाच गोठ्यातील तीन-चार दुभत्या गायींची करावी, आणि आजचा आकडा मागच्या पंधरवड्याच्या आकड्याशी ताडावा. सगळ्याच गायींची रेघ वर गेली असेल तर दोष हौदात आहे असे समजावे. एकटीचीच गेली असेल तर त्या गाईकडे पाहावे. तिला हौदापाशी दुसरी गाय येऊ देत नसेल, तिच्या खुरात दुखणे असेल, ज्वर असेल. आणि गाय डोळ्यांना सुकलेली दिसत असूनही मूत्र मात्र पाण्यासारखे पातळ, १.०१०च्या आसपास येत असेल, तर ती गोष्ट सर्वांत गंभीर समजावी, कारण मूत्रपिंडाने आपले काम सोडल्याचा तो इशारा असू शकतो. तेथे क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्याला बोलवावे. लहान वासरांच्या हगवणीत या कसोटीवर विसंबू नये.

माणसांच्या प्रयोगशाळांत ज्या रंगीत पट्ट्या वापरतात, त्यांवरही घनतेचा एक चौकोन असतो आणि त्या स्वस्त असल्यामुळे त्यांचा मोह पडतो. परंतु गाईचे मूत्र स्वभावतः अल्कधर्मी असते आणि त्यामुळे त्या चौकोनाचा रंग फसवा ठरतो. पशुवैद्यकीय संशोधकांनी रिफ्रॅक्टोमीटर, विद्युत्‌वाहकता, रंग आणि पट्टी यांची तुलना केली, तेव्हा पट्टीच उणी पडली. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत किटोनची तपासणी करण्यासाठी पट्टी उत्तम आहे, घनतेसाठी नाही. ब्रिक्सच्या खुणा असलेले द्राक्षाचे उपकरणच जवळ असेल, तर त्याचा आकडा थेट विशिष्ट घनता म्हणून वाचू नये, पण आपल्याच गोठ्यातील चढउतार पाहण्यापुरता तो उपयोगी पडतो. आणि ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने निदान ताज्या मूत्राचा रंग पाहण्याची सवय लावावी. फिकट पिवळा असेल तर ठीक, गर्द पिवळसर तपकिरी असेल तर हौद गाठावा. उघड्यावर साचलेले मूत्र आपोआप काळपट होते, म्हणून रंग पाहायचा तो धार पडत असतानाच.

ही सवय लागली, तर तिच्याबरोबर इतरही लाभ पदरात पडतात. गोचिडांमुळे होणाऱ्या ज्वरात मूत्र लाल, कॉफीसारखे होते. स्फुरदाची कमतरता असलेल्या व्यायलेल्या म्हशीतही तसे होते. आणि या दोन्ही रोगांत एका दिवसाचा उशीर जनावराच्या जिवावर बेततो. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट पुष्कळ असते, ते शरीरातील चुना बांधून ठेवते, आणि दाट मूत्राशी त्याची गाठ पडली की बैलांच्या मूत्रमार्गात खडे होण्याला वाव मिळतो. मूत अडलेला बैल ज्याने पाहिला आहे, तळमळून पाय आपटणारा आणि थेंबाथेंबासाठी कुंथणारा, त्याला मुबलक पाण्याचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही.

सलाईनविषयी दोन शब्द येथेच बोलतो, कारण या विषयातील आपला सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. गाय सुकली, की मालक डॉक्टरांकडे सलाईनचा आग्रह धरतो, आणि शिरेतून अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन-चार बाटल्या गेल्या म्हणजे घरच्यांचे समाधान होते. परंतु ४०० किलोच्या गाईचे शेकडा आठ भाग पाणी घटले असेल, तर तूट ३२ लिटरांची असते. दोन लिटर सलाईनने ती कशी भरून निघावी? ज्या प्रौढ गाईचे कोठीपोट काम करते आहे, तिला क्षारमिश्रित पाणी नळीवाटे थेट पोटात, वीस-तीस लिटर, पशुवैद्याच्या हातून देणे हाच पुष्कळदा खरा इलाज असतो, आणि तो स्वस्तही असतो. घरच्या घरी बांबूच्या नळीने किंवा बाटलीने पाणी ओतण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. ते श्वासनलिकेत गेले, तर गाय हातची जाते. या तहानेचे मूळही ओळखले पाहिजे. दुष्काळात १९७२ साली, आणि पुढे २०१९च्या उन्हाळ्यात सांगोला-मंगळवेढ्याच्या चारा छावण्यांत, या जिल्ह्याने जनावरांसाठी टँकरची वाट पाहिली आहे. परंतु करकंबासारख्या, उजनी धरणाचे पाणी ज्यांच्या शिवारापर्यंत आले, त्या गावांतील गायींची तहान ही दुष्काळाची तहान नव्हे. ती मांडणीची तहान आहे, आणि म्हणूनच ती अधिक खेदकारक आहे.

मांडणीचा हा दोष सरकारी दप्तरातही उतरलेला आहे. रोजगार हमीच्या निधीतून गोठे बांधून देणारी जी ग्रामसमृद्धी योजना महाराष्ट्र शासनाने आणली, ती स्तुत्य आहे, आणि तिच्यामुळे चिखलात उभ्या असलेल्या असंख्य जनावरांच्या खुरांखाली पक्की जमीन आली. परंतु तिच्या तपशिलात सहा जनावरांच्या गोठ्यासाठी मूत्रसंचयाचे टाके २५० लिटरांचे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी २०० लिटरांची धरलेली आहे. सहा संकरित दुभत्या गायींना किमान ६० लिटरांप्रमाणे ३६० लिटर पाणी लागते. जेथे शेतीपंपाची वीज कधी दिवसा आणि कधी रात्री, ठराविक तासांपुरतीच येते, तेथे दिवसातून दोनदा टाकी भरणे हे प्रत्येक घराला साधणारे नाही. हा आकडा बदलला पाहिजे. शासनातील ज्या अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने असे तपशील ठरतात, त्यांनी टाकी निदान ५०० लिटरांची, सावलीतील, आणि दावणीच्या आवाक्यातील असावी अशी दुरुस्ती सुचवावी. खर्चात पडणारी वाढ गोठ्याच्या एकूण खर्चापुढे नगण्य आहे.

दुसरी विनंती दूध संस्थांच्या चेअरमन मंडळींना आहे. फॅटचे यंत्र आपण हजारो रुपये खर्चून घेतले, त्याची वेळोवेळी फेरतपासणी करून घेता. त्याच्या शेजारी एक रिफ्रॅक्टोमीटर ठेवा. होळीपासून मृगापर्यंत दर पंधरवड्याला, सभासदांच्या गोठ्यांपैकी काहींची पाळीपाळीने तपासणी होऊ द्या; गावातील पशुसखी किंवा केंद्रावरील तरुण हे काम एका सकाळीत शिकू शकतात, आणि शिकवण्यासाठी तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी आहेत, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर आहेत. दुधाच्या पुस्तकात फॅट आणि डिग्री यांच्या पुढे आणखी एक रकाना आखा. या रकान्यावरून कोणाचा दर कापू नका, कोणाला दंड करू नका. रेघ वर दिसली, तर त्या घरी हौदाची चौकशी करा, एवढेच त्याचे काम असू द्या. दंडाची भीती शिरली की नमुनेही खोटे येऊ लागतील, हे आपल्याला दुधाच्या अनुभवावरून ठाऊकच आहे.

आणि शेवटची विनंती घरोघरच्या गोपालकांना, विशेषतः ज्यांच्या अंगावर गोठ्याचे निम्म्याहून अधिक काम पडते त्या बायाबापड्यांना. संस्थेचे उपकरण येईल तेव्हा येईल. शासनाचा आकडा बदलेल तेव्हा बदलेल. बोअरचे पाणी मचूळ असेल तर ते एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या, कारण लिटरमागे ५,००० मिलिग्रॅमहून अधिक क्षार असलेले पाणी दुभत्या आणि गाभण जनावराला योग्य नव्हे. पण पिण्याजोगे पाणी दारी असेल, तर आज रात्री वीज येईल तेव्हा एक पीप सावलीत, गाईच्या तोंडाला पोहोचेल असे भरून ठेवा आणि ते दिवसभर भरलेले राहील असे पाहा.